बसने परदेश: काय पक्कं करायचं, काय सैल सोडायचं

बसने दुसऱ्या देशांत फिरायचं ठरलं की आपल्याकडे आधी एक्सेलची शीट उघडली जाते. तारीख, गाव, हॉटेल, बस. परत गाव, हॉटेल, बस. पंधरा दिवसांच्या पंधरा ओळी भरल्या की जिवाला बरं वाटतं. पण नेपाळातल्या दरडीला किंवा लाओसच्या इमिग्रेशन खिडकीला त्या शीटशी काही देणंघेणं नसतं. तिसऱ्या दिवशी एखादी बस चार तास उशिरा पोचते, पुढची सुटते आणि खालच्या सगळ्या ओळी एकामागोमाग कोसळतात. वर प्रत्येक ओळीत पैसे भरून बसलेलो असतो.

याचा अर्थ काहीच न ठरवता निघायचं, असा नाही. ‘बघू तिथं गेल्यावर’ म्हणत निघालेले लोक सीमेवर अडकतात, कारण मोकळीक हवी असेल तर तिची तजवीज घरून निघण्याआधीच करावी लागते: रजेत, पैशात आणि व्हिसाच्या तारखांत. नागपुरातून पहिल्यांदाच असं निघणाऱ्यांसाठी ती कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी रजा मोजा

समजा पंधरा दिवस मिळाले. त्यातले जायचे-यायचे दिवस आधी वजा करा. नागपूरकरांना हे विसरायची खोड आहे. आपण देशाच्या मधोमध, झिरो माइलच्या गावात राहतो, म्हणजे कुठलीही सीमा आपल्याला लांबच. नेपाळ सीमेजवळच्या गोरखपूरपर्यंतच रेल्वेने जवळपास एक दिवस-रात्र जाते. उरलेल्या दिवसांत दर पाच दिवसांमागे एक दिवस कोरा ठेवा. कोरा म्हणजे त्या दिवसापुढे कुठल्याही गावाचं नाव लिहायचं नाही. बरेच जण हे सगळे कोरे दिवस शेवटी ढकलतात. शेवटच्या कोऱ्या दिवसाने परतीची गाडी वाचते, हे खरं. पण मधल्या कोऱ्या दिवसामुळे एखादं गाव आवडलं तर आणखी एक रात्र थांबता येतं. दोन्ही हवेत.

पंधरा दिवसांत एक देश नीट होतो, दोन जमतात. चार देशांचा बेत आखला तर बसस्थानकंच जास्त पाहून होतील.

हंगामाचं गणितही इथेच करा. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला टेकलं की सगळ्यांनाच पळायचं असतं, पण थायलंड-लाओसमध्येही एप्रिल-मे उकाड्याचाच काळ. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, तेव्हा अर्धं बँकॉक गावी निघालेलं असतं आणि बसमध्ये जागा मिळत नाही. व्हिएतनाममध्ये तेच जानेवारी-फेब्रुवारीतल्या तेतच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सुमारास. नेपाळचा दशैं आपल्या नवरात्र-दसऱ्याला आणि तिहार दिवाळीला येतो. म्हणजे दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी असते, त्याच दिवसांत काठमांडूहून गावाकडे जाणाऱ्या गाड्या भरभरून निघतात आणि ऐन विजयादशमीला रस्त्यावर गाडी दिसणं मुश्कील होतं. दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल, तर त्या आठवड्यापुरती बस आधी काढून ठेवा. बाकीच्या वेळी सैल सोडलं तरी चालतं.

पक्क्या करायच्या गोष्टी

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने असावी आणि पानं कोरी असावीत. काही देश जागेवर अख्खं पान भरणारं व्हिसाचं स्टिकर लावतात.

दुसरी गोष्ट व्हिसा. व्हिसा काढताना मुक्कामाच्या नेमक्या तारखा घालू नका. व्हिएतनामचं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. तुम्हाला आठ दिवसच राहायचं असलं, तरी प्रवेशाची तारीख आठवडाभर अलीकडची आणि शेवटची तारीख बरीच पुढची टाका. अलीकडच्या देशात मन लागलं नाही तर लवकर शिरता येतं, लागलं तर उशिरा. लिहिलेल्या तारखेच्या एक दिवसही आधी मात्र आत सोडत नाहीत. शिवाय अर्जात प्रवेशाचं नाकं निवडावं लागतं आणि जमिनीवरच्या प्रत्येक नाक्यावर ई-व्हिसा चालत नाही. कोणत्या नाक्यांवर चालतो याची यादी सरकारी संकेतस्थळावर असते, ती बघून मगच बसचा रस्ता ठरवा. लोक नेमकं उलटं करतात.

थायलंडने भारतीयांना बिनव्हिसा प्रवेश दिला, पण किती दिवस आणि जमिनीवरून किती वेळा, हे नियम बदलत आलेत. निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासा. १ मे २०२५ पासून तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्रक भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही, एवढं ओळखा. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड आहे. ‘एक दिवसाने काय होते बाप्पा’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट परतीचं तिकीट. चेक-इनच्या काउंटरवर ते अनेकदा मागतात, त्यामुळे याला पर्याय नाही. सोयीचं म्हणजे उतरायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्या शहरातून. बँकॉकला उतरून हनोईहून परतलात, तर मधला सगळा रस्ता तुमचा राहतो आणि आल्या वाटेने परत फिरण्यात दिवस जात नाहीत.

चौथी गोष्ट पहिल्या दोन रात्रींची खोली. दोनच रात्री. आमच्या शेजारच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अजी, मंग तिसऱ्या रात्री झोपाचं कुठी?” काकू, तिसऱ्या रात्रीची खोली दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करता करता फोनवर बुक करायची. सण आणि लांब सुट्ट्या सोडल्या, तर बसस्थानक असलेल्या गावात मध्यम दराची खोली मिळत नाही असं सहसा होत नाही. खोलीचं पक्कं बुकिंग म्हणजे त्या गावाला त्याच संध्याकाळी पोचायचं बंधन, आणि बसच्या प्रवासात जाचतं ते हेच.

पाचवी गोष्ट मी ‘बुडीत खातं’ म्हणतो. एकूण खर्चाच्या दहा-पंधरा टक्के रक्कम आधीच गेली असं समजून बाजूला ठेवा. चुकलेली बस, वाया गेलेली खोली, पावसात भिजल्यावर घ्यावी लागलेली टॅक्सी, सगळं त्यातून. हे खातं नसलेला माणूस ६०० रुपयांचं तिकीट वाचवायला रात्री दोन वाजता अनोळखी स्टँडवर बसून राहतो. ज्याच्याकडे ते आहे, तो खोली घेऊन झोपतो.

पहिली फेरी नेपाळची करा

बसने परदेशी जायचा सराव करायला नेपाळसारखा देश नाही. व्हिसा लागत नाही आणि पाट्या देवनागरीत. म्यानमारमार्गे थायलंडपर्यंत गाडीने जाण्याचं स्वप्न पुष्कळांना पडतं, पण फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर तो रस्ता पर्यटकांच्या उपयोगाचा राहिलेला नाही. पाकिस्तान सीमेवरचं अटारीचं नाकं २०२५ च्या एप्रिल अखेरीस बंद झालं. भूतानला फुंटशोलिंगमधून जाता येतं, पण भारतीयांना रात्रीमागे १२०० रुपये शुल्क आणि परवान्यावर मोजलेले दिवस, म्हणजे जास्तीच्या प्रत्येक रात्रीचा हिशेब आला. देश सुंदर आहे, पण सैल फिरण्यासाठी नाही.

कागद कोणता न्यायचा, यावर नागपुरात हमखास घोळ होतो. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाचं आधार कार्ड त्यासाठी धरत नाहीत; त्याहून लहान-मोठ्यांचं चालतं. घरातल्या प्रत्येकाचा कागद वयानुसार वेगळा तपासा.

नागपूरहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, राप्तीसागर एक्सप्रेस त्यातलीच. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जायचं आणि यायचं, दोन्ही तिकिटं आपापलं आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढा. या फेरीतलं खरं पक्कं करायचं काम हेच, कारण सीमेपलीकडे बस रोज मिळते पण गोरखपूर-नागपूर बर्थ रोज मिळत नाही. परतीची थेट गाडी हुकलीच, तर गोरखपूरहून लखनौ-झाशी किंवा प्रयागराजमार्गे इटारसी गाठता येतं, आणि इटारसीहून नागपूरकडे गाड्यांना तोटा नाही. हा दुसरा रस्ता वहीत आधीच लिहून ठेवा.

गोरखपूरहून सीमेवरच्या सोनौलीची बस रेल्वे स्टेशनजवळूनच मिळते. नव्वद-शंभर किलोमीटर, तीन तास धरा. सोनौली जवळ आली की डाव्या हाताला मालट्रकांची रांग सुरू होते आणि संपता संपत नाही. बस सीमेवरच्या कमानीच्या बऱ्याच अलीकडे सोडते. उतरताक्षणी चार जण अंगावर येतात: “काठमांडू डायरेक्ट, पोखरा डायरेक्ट, एसी.” भारताच्या बाजूला पुढचं तिकीट काढू नका. पोरगं कितीही गोड बोललं तरी नाही. पाठीवर बॅग घ्यायची, कमानीखालून चालत पलीकडे जायचं. ओळखपत्र हातात ठेवा. विचारलं तर दाखवायचं. पलीकडचं गाव बेलहिया, आणि ई-रिक्षाने थोडं पुढे गेलं की भैरहवा. तिथून लुंबिनी, बुटवल, पोखरा, काठमांडू, सगळीकडच्या गाड्या सुटतात आणि भाडं काउंटरवर विचारता येतं.

पलीकडे पाऊल टाकताच घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. फोन आपोआप करतो म्हणाल, तर सीमेवर तो भारताचाच टॉवर पकडून बसतो. दुसरं, भाव विचारल्यावर “आयसी की एनसी?” हा प्रश्न तुम्ही विचारायचा. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. न विचारता नोट पुढे केलीत, तर दीडपटीहून जास्त मोजाल. शंभराच्या नोटा भरपूर न्या. मोठ्या भारतीय नोटांबद्दलचे नियम तिथे बदलत राहिलेत आणि दुकानदार अजून बिचकतात. काही ठिकाणी आपला यूपीआय चालतो, पण बसच्या खलाशापुढे, म्हणजे क्लीनरपुढे, फोन नाचवून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही. हाताने लिहिलेल्या बस तिकिटावर तारीख बऱ्याचदा विक्रम संवताची असते. ‘असोज १२ गते’ असं काहीतरी. तिकीट हातात घेतलं की काउंटरवरच्या माणसाला विचारा, “दाइ, हे उद्याचंच ना?” आणि त्याच्यासमोर आपली तारीख पेनाने शेजारी लिहा. नेपाळात ड्रायव्हर, खलाशी, काउंटरवाला सगळ्यांना दाइ म्हणायचं, बायकांना दिदी. हिंदी बहुतेकांना कळते.

पहिला मुक्काम लुंबिनीला करा. भैरहव्याहून वीस-बावीस किलोमीटर, आणि रेल्वे, बस, सीमा एवढं झाल्यावर त्याच रात्री पुढे पळण्यात अर्थ नाही. मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ तर आहेच, पण वेगवेगळ्या देशांनी बांधलेले विहार बघायला एक सबंध सकाळ लागते. काही विहारांत यात्रेकरूंची राहायची सोयही असते. नागपूरहून बौद्ध स्थळांच्या यात्रेला जाणाऱ्या बसेस इथे येतात आणि दोन-तीन तासांत निघतात. तुमच्याकडे वेळ आहे तर तो वापरा.

लुंबिनीहून पोखऱ्याला जायचे रस्ते दोन. एक बुटवल-तानसेन करत जाणारा सिद्धार्थ राजमार्ग. सोनौली ते पोखरा १८१ किलोमीटर म्हणजे आपल्याला नागपूर-अमरावतीहून थोडंच जास्त वाटतं, पण इथे सगळे घाट. आठ-नऊ तास लागले तरी कुरकुर करू नका. दुसरा नारायणगढ-मुगलिंगमार्गे, लांबचा. आता कोणता घ्यायचा, हे घरी बसून ठरवायचं नाही. आदल्या संध्याकाळी भैरहव्याच्या काउंटरवर आणि हॉटेलच्या साहुजींना (मालकांना), दोघांनाही विचारा: “उद्या कुठला रस्ता चालू आहे?” दोघांची उत्तरं जुळली तर जा. पावसाळ्यात तर हे विचारल्याशिवाय निघूच नका. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरडीने दोन बस थेट त्रिशूली नदीत ढकलल्या, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरच्या अतिवृष्टीत काठमांडूत येणारे रस्ते बंद पडले. जून ते सप्टेंबरमध्ये डोंगरातली रात्रीची बस घेऊ नका. स्वस्त असते, मान्य, तरी नाही.

तानसेनला मध्येच उतरता येतं, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. उतारावरचं जुनं बाजाराचं गाव, हवा थंड. बसमध्ये पाठ मोडली असेल तर तिथे एक रात्र काढून सकाळी दुसरी गाडी धरा. कोरा दिवस असा खर्चायचा.

दुसरी फेरी: बँकॉक ते हनोई

नेपाळ जमला की पुढचं. नागपूरहून हावड्याला गाड्या भरपूर आणि कोलकात्याहून बँकॉकला व हनोईलाही थेट विमानं आहेत, त्यामुळे मुंबईला उलटं जायची गरज नाही.

बँकॉकचं मोचित हे उत्तर आणि ईशान्येकडचं बसस्थानक. गणेशपेठेतून लालपरी पकडणाऱ्यालाही तिथे पहिल्यांदा चक्रावायला होतं, कारण खिडक्याच खिडक्या आणि पाट्या थाई लिपीत. गावाचं थाई नाव फोनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि ते दाखवा. बोलून दाखवण्यापेक्षा हे बरं. ईशान्येला उदोन थानी किंवा नाँगखाई गाठलं की मेकाँग नदीपलीकडे लाओस. मधला मैत्री पूल १९९४ चा. त्यावरून पायी जाऊ देत नाहीत, पुलापुरती बस असते.

इथे एक तत्त्व पाळा: सीमा ओलांडणारं थेट तिकीट शक्यतो घेऊ नका. उदोनहून लाओसच्या राजधानीची, व्हिएनतियानची, आंतरराष्ट्रीय बस आहे, स्वस्त आहे, सोयीची दिसते. पण लाओसचा व्हिसा तुम्ही पुलावर काढणार असाल, तर रांगेत अडकलेल्या एका माणसासाठी पूर्ण बस खोळंबून राहत नाही. त्यापेक्षा तुकडे करा. नाँगखाईपर्यंत एक बस, पुलावरची दुसरी, पलीकडून सिटी बस किंवा टुकटुक. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायचं की पुढे जायचं हे तुमच्या हातात राहतं. थोडे पैसे जास्त जातील, ते बुडीत खात्यातून.

पुलावरची खिडकी कशी चालते ते सांगतो. थायलंडचा निर्गमन शिक्का, मग पुलाच्या बसचं तिकीट. पलीकडे उतरल्यावर एका खिडकीतून फॉर्म घ्यायचा, तिथेच उभ्याने भरायचा. म्हणून पेन खिशात हवं, आणि निळ्या किंवा काळ्या शाईचं हवं. पासपोर्ट साइजचा फोटो जोडायचा. शुल्क अमेरिकन डॉलरमध्ये तयार ठेवा. बाटमध्ये घेतात, पण महाग पडतं. डॉलरची नोट फाटकी, घडी पडलेली, पेनाची रेघ असलेली असेल तर परत ढकलतात. नागपुरात नोटा घेतानाच एकेक उलटून बघा आणि खराब असेल ती तिथल्या तिथे बदलून मागा. पुस्तकात घालून न्या, पाकिटात दुमडून नको. सुट्ट्या डॉलर नोटा घ्या, कारण मोडीचे पैसे लाओसच्या किपमध्ये मिळतील. किप देशाबाहेर कोणी घेत नाही, निघण्याआधी संपवा.

व्हिएनतियानहून लुआंग प्राबांगला डोंगरातून बसने आख्खा दिवस मोडतो. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने दोन तास लागतात. बसने फिरायचं म्हणून बसचाच हट्ट धरू नये, असं माझं मत. रेल्वेने वाचलेला दिवस वाटेतल्या वांग व्हिएंगला घालवा. उलट लुआंग प्राबांग किंवा व्हिएनतियानहून हनोई हा चोवीस तासांच्या आसपासचा स्लीपर बसचा पट्टा रस्त्यानेच होतो. त्यात बस पहाटे सीमेवर पोचून नाकं उघडायची वाट बघत अंधारात उभी राहते. तेव्हा उतरून कुणाच्या ‘शॉर्टकट’ला पैसे देऊ नका, सात-साडेसातला सगळ्यांचंच काम होतं.

व्हिएतनामच्या स्लीपरमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालायचे आणि पिशवी जवळ ठेवायची. बर्थ आपल्यापेक्षा आखूड माणसासाठी बनवलेले. एसी मात्र कडाक्याचा, तेव्हा शाल हाताशी. खालच्या डिकीतल्या बॅगेत असलेल्या शालीचा काय उपयोग.

खाण्याचं थोडक्यात. सावजी रस्सा पचवणाऱ्याला तिखटाची भीती नाही, पण शाकाहाऱ्याने मासळीच्या सॉसकडे लक्ष द्यावं, तो सगळीकडे असतो. थायलंडमध्ये पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दुकान आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेलं दुकान शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ व्हिएतनामी लोक शाकाहार पाळतात, तेव्हा अशी दुकानं जास्त गजबजतात. तरी पोह्याचा चिवडा किलोभर न्याच.

फोन आणि कार्ड

दोनच गोष्टी. निघण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करा. आणि भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येतो; तिकडचं ई-सिम फक्त नेटसाठी. थायलंडच्या एटीएमला दर वेळी दोनशे बाटच्या वर शुल्क पडतं, म्हणून थोडे-थोडे काढू नका. नकाशे आधीच उतरवून ठेवा.

बेत मोडला तर

मोडणारच. अशा वेळी नवखा माणूस सगळ्यात आधी पुढची बस शोधायला लागतो आणि घाईत महागडी, चुकीच्या दिशेची काहीतरी पकडतो. निर्णय या क्रमाने घ्या. पहिलं, आज रात्री झोपायचं कुठे? चारच्या आत हे ठरलं नसेल तर आहात तिथेच खोली घ्या. दुसरं, या देशात व्हिसाचे किती दिवस उरले? तिसरं, परतीच्या तिकिटाला किती? पुढच्या रस्त्याचा विचार यानंतर, आणि तोही पोटात काही गेल्यावर.

खोलीचे किंवा बसचे भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्या. त्यांच्यामागे धावून आणखी बुडतात.

मोठा बिघाड कसा असतो, ते २०२५ ने दाखवलं. जूनमध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवरचे रस्ते पर्यटकांना बंद झाले आणि जुलैत तिथे लढाई झाली. बँकॉक-सिएम रीप हा वर्षानुवर्षांचा ठरलेला बसमार्ग पाहता पाहता बंद पडला. ज्यांनी पुढची हॉटेलं भरून ठेवली होती त्यांनी विमानाचे चढे दर मोजले. बाकीच्यांपुढे दुसरा रस्ता होता: बँकॉकहून उबोन, चाँग मेकला लाओसमध्ये प्रवेश, पाक्से, मेकाँगमधली ‘चार हजार बेटं’ आणि तिथून दक्षिणेला कंबोडियात स्टुंग ट्रेंग. चार-पाच दिवस जास्त, पण मेकाँगच्या काठाकाठाने. म्हणून प्रत्येक सीमेसाठी एक दुसरं नाकं आधी हेरून ठेवायचं आणि तिथे आपला व्हिसा चालतो का, ते पाहून ठेवायचं.

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं, संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला. अशा वेळी मोकळीक म्हणजे निघणं नव्हे. आहे त्या खोलीत थांबायचं, पाणी आणि खायचं आणून ठेवायचं, दूतावासाचा नंबर जवळ ठेवायचा आणि रस्ते उघडल्यावर दुसऱ्या दिवशीच्या गाडीने हलायचं, पहिल्या नव्हे.

घरच्यांनाही या क्रमाची कल्पना देऊन निघा. आईला ‘उद्या अमुक गावी असेन’ असं सांगितलं आणि तिथे नसलात, तर तिची झोप उडते. त्याऐवजी रोज रात्री एका ठरल्या वेळेला ‘आज इथे आहे’ एवढा मेसेज टाकायचा. नेट नसेल तर मेसेज सकाळी येईल, हेही आधीच सांगून ठेवा.

शेवटचे दोन दिवस

विमान ज्या शहरातून आहे, त्या शहरात दोन दिवस आधी पोचा. इथे सैलपणा संपला. सीमेवरून त्याच दिवशी थेट विमानतळ गाठायचा बेत आखू नका. हनोईत उतरल्यावर जुन्या शहरात स्वस्त खोली घ्या, कपडे धुऊन वाळवा, उरलेले डाँग, म्हणजे व्हिएतनामचे पैसे, संपवा. विमानतळाला जायला टॅक्सीच हवी असं नाही. हनोई रेल्वे स्टेशनजवळून ८६ नंबरची नारिंगी बस थेट नोई बाईला जाते, आणि बॅग ठेवायला तिच्यात जागाही असते.